उशीखालच्या गोळ्या

कापसाची ती वाईट वर्षं होती. यवतमाळच्या एका दवाखान्यात, हृदयरोग्यांच्या वॉर्डात मी डॉक्टर होते. ज्यांचं हृदय आता सुधारणार नव्हतं, त्यांना नेमका कशाचा त्रास होतो ते विचारायचं आणि तेवढा तरी हलका करायचा, हे माझं काम. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात मी पेशंटला विचारायची आणि उत्तर नातेवाईक द्यायचे. माझं डोकं फिरायचं.

एकदा बाभुळगावकडची एक बाई भरती झाली. पाय टम्म सुजलेले, बसल्याजागी धाप. तिच्या नवऱ्यानं मला वॉर्डाच्या दारातच गाठलं. अंगातलं पाणी उतरवायच्या गोळ्या ती घेतच नव्हती. घरी अंथरूण झटकताना त्याला त्या उशीखाली सापडल्या होत्या.

"फवारणीचं औषध मी घरातून हलवलं, डॉक्टरीणबाई," तो हळूच म्हणाला. "पण हिले तसलं काही इचारू नका. शेजारच्या घरी एकानं थे औषध पेलं, तवा गाडीभर सायब लोकं येऊन इचारत बसले होते."

विचारणं तर भागच होतं. मी त्याला बाहेर थांबायला सांगितलं.

"काहून? मी इथंच राह्यतो."

तो हलेना. मीही हट्टाला पेटले. शेवटी त्याच्यादेखतच तिचा हात हातात घेऊन विचारलं, "बाई, जीव नकोसा झालाय का?"

नवऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मला भीती वाटली. ती हो म्हणाली, तर तिला द्यायला माझ्याकडे काय होतं?

तिनं रागानं माझ्याकडे पाहिलं. "मराचं असतं तं इथवर कायले आली असती?" मग दम खात खात म्हणाली, "थे गोळी घेतली का घडीघडी लघवीले जा लागते. न्हाणी पार मागच्या अंगणात. सून धरून नेते. तिचं लेकरू तान्हं. किती खेपा उठवू तिले?"

गोळी सकाळीच घ्यायची आणि पलंगापाशी भांडं ठेवायचं, मी सांगितलं.

"अन् थे फेकंल कोण? सून?"

"मी फेकीन," नवरा भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला.

"लोकं हासतील तुमाले."

"हासू दे." तो वळला. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नव्हतं. "तू गोळी घे फक्त."