सुगतची गाडी आणि मावशीची पांदण

माझा मावसभाऊ सुगत एका मोटार कंपनीच्या शर्यत विभागाचा प्रमुख आहे. डोंगरात, वाळवंटात धुरळा उडवत पळणाऱ्या गाड्या तयार करायच्या, पळवून घ्यायच्या आणि मोडल्या की बोलणी खायची, हे त्याचं काम. स्वतः मात्र तो चाळीसच्या वर गाडी नेत नाही. आमच्या शहरात, राजापेठेत, माझ्या शिकवणीच्या क्लासच्या पोरी त्याला स्कूटीवरून मागे टाकतात. मी एकदा डिवचलं, तर म्हणाला, "गाडीत काय काय तुटू शकते, हे मले मालूम हाय ना."

इंजिनिअरिंग त्याने अकोल्याला केलं आणि पुण्याच्या याच कंपनीत लागला. तिथे ब्रेकचा आवाज तपासायचं काम होतं. हा दिवसभर ऐकायचा आणि संध्याकाळी साहेबाच्या तोंडावर सांगायचा, "हे ब्रेक बेकार हायेत." पुणेकरांना तो उद्धट वाटला. शर्यतीच्या विभागाला मात्र असाच माणूस हवा होता, कारण तिथे गोड बोलून पास केलेली गाडी थेट दरीत जाते. तिथून तो चढत गेला.

मागच्या वर्षी कंपनीला वाटू लागलं, की शर्यती पुरे झाल्या. मोठ्या अधिकारी माधवी मॅडम म्हणाल्या, नवी गाडी पळताना दाखव, मग बघू. गाडी नापास झाली तर विभागाला कुलूप लागणार होतं. सुगतने चाचणीसाठी तिवशाजवळच्या आमच्या गावची पांदण निवडली. शेतांकडे जाणारी ही वाट बैलगाड्यांनी अशी खणून ठेवली आहे, की इतका खराब रस्ता देशात दुसरा नाही, असं तो कंपनीत छाती फुगवून सांगायचा.

सगळी तयारी झाली, पण चाचणीला कोरडी धूळच हवी, हे घरी सांगायला तो विसरला. त्याच्या आईने, म्हणजे सुंदरामावशीने, एवढंच ऐकलं की पुण्याची पाहुणी येणार. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुणा यायचा असला की अंगणात पाणी मारतात. मावशीला अंगण पुरलं नाही. तिने गावातल्या नत्थुजींचा संत्राबागेतला टँकर बोलावला आणि पहाटे अख्खी पांदण भिजवून घेतली. ओल्या काळ्या मातीत बैलसुद्धा घालत नाहीत, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पाहुणचार निघाला की आमच्या घरात अक्कल गुंडाळून ठेवतात.

सकाळी गाडी दणक्यात निघाली आणि पहिल्याच वळणावर बसली. मातीचे गोळे चाकांवर चढून वरच्या पत्र्याला अडकले, चाकं फिरेनात. शेवटी ट्रॅक्टर लावून ओढावी लागली. मला हसू आलं होतं, पण सुगतचं तोंड पाहून ते गिळलं. त्याच्या हाताखालच्या सगळ्यांचं पोट त्या गाडीवर होतं.

"पाणी कोणी मारलं?" मॅडमनी विचारलं.

मावशी पदर सावरत पुढे झाली. "म्या मारलं. पाव्हणीच्या अंगावर फुफाटा उडू द्याचा काय?"

सुगतला सुटायला वाट मोकळी होती. चाचणी पाण्याने बिघडली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"पाणी आईने मारलं मॅडम, पण गाडी माझ्यामुळे अडकली," तो म्हणाला. "चाकांच्या वर मी जागा कमी ठेवली. शर्यतीत पाऊस आला असता, तरी हेच झालं असतं."

आयुष्यभर मी त्याची टिंगल केली, पण त्या वेळी मला त्याचा फार अभिमान वाटला.

मॅडम बराच वेळ चपलेचा चिखल काठीने काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "जागा वाढव. महिन्याने पुन्हा येते. इथेच, आणि पाणी मारूनच."

त्या गेल्यावर मावशी जेवलीच नाही. दारात बसून राहिली. सुगत गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, तसाच तिच्याजवळ जाऊन बसला.

"माह्यापाई तुही नौकरी गेली का रे?"

"अजून नाई गेली," तो म्हणाला. धीर देणं त्याला कधी जमलंच नाही. मग म्हणाला, "माय, पुढच्या बारीले आनखी एक टँकर सांगजो. त्याच्यातून निघाली, तरच ते माही गाडी."

मावशीने डोळे पुसले आणि नत्थुजींना फोन लावायला मोबाईल शोधू लागली.