सुटलं न्हाई ना?

आईवडिलांच्या पाठोपाठ मी ज्यांचा ऋणी आहे त्या म्हणजे आमच्या शब्बाथ शाळेच्या बाई. चर्चमध्ये रविवारी लहान मुलांना देवाचं शिकवतात, तो वर्ग म्हणजे शब्बाथ शाळा. बाई तिच्या दारात उभ्या राहायच्या. आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बोटात आपलं बोट अडकवायच्या, एक हिसका द्यायच्या आणि विचारायच्या, "सुटलं न्हाई ना? मग ये आत." देवाला धरून राहायचं म्हणजे काय, याचा अर्धा धडा दारातच होऊन जायचा.

मी बीडकडच्या एका तालुक्याच्या गावातून बारावी होऊन थेरगावात आलो. चाकणला कंपनीत शिफ्ट आणि उरलेल्या वेळात कॉलेज. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी भाड्याने वरच्या खोलीत, बाई खालच्या खोलीत एकट्या राहायच्या. परीक्षा जवळ आली की पळीने माझं दार वाजवायच्या. "पुस्तक उघडलंय का नुसतंच तोंड?" बहुतेक वेळा तोंडच उघडं असायचं. माझ्या पदवीत त्या पळीचा वाटा मोठा आहे. निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "पेढं ठिव तिकडं. रविवारी ये. लेकरं आवरायला माणूस पायजे."

तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील. ती शाबासकी देत नाहीत, काम देतात.

वर्गातली बहुतेक मुलं कामगारांची. वडिलांची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रविवारी ती एकमेकांचा हात धरून येत. एकदा बाई वेल आणि फाटे हा धडा घेत होत्या. ख्रिस्त वेल, आपण त्याचे फाटे. "फाटा म्हंजी काय?" असं त्यांनी विचारलं. एका ड्रायव्हरची मुलगी पटकन म्हणाली, "जिथं पप्पांची कंपनीची बस थांबते तो."

मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत. द्राक्षाचा वेल या लेकरांनी पाहिलाय कुठे, असं म्हणून त्यांनी तोच फाटा धरला. "बरोबर हाय. फाटा हायवेला जोडलेला हाय तवर फाटा. मधी खणून टाकला, तर ती नुसती कुणाच्या तरी बांधाची वाट. मग बस कशाला थांबंल?" मुलांना ते असं पटलं की पुढचे कित्येक रविवार ती एकमेकांना "तू जोडलेला फाटा का तुटलेला फाटा?" असं विचारत होती.

चर्चचे सेक्रेटरी वजनदार गृहस्थ होते. चाकणला त्यांचं स्वतःचं वर्कशॉप, आणि तिथले लोखंडी ब्रॅकेट आमच्याच कंपनीत यायचे. त्यांना शब्बाथ शाळा इंग्रजीत हवी होती, भिंतीवर व्हिडिओचा पडदा लावून, आणि शिकवायला आपली सून. नुसतं निमित्त हवं होतं.

ते वर्धापनदिनाला मिळालं. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी मुलांना विचारलं, फाटे म्हणजे कोण? ड्रायव्हरची मुलगी उभी राहिली. "फाटा म्हणजे जिथं पप्पांची बस थांबते." सगळी मंडळी हसली. पुढचं वाक्य तिला पाठ होतं, ती ते म्हणतही होती, पण त्या हशात कुणाला ऐकू गेलं नाही. सेक्रेटरींनी माइक घेतला. "बाई, तुम्ही बायबल शिकवता की बसचं टाइमटेबल?"

पुन्हा हशा. मुलगी रडत खाली बसली. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, एक बोट अजून वाकवलेलं. पुढच्याच रविवारी त्यांना निरोप आला, आता आराम करा.

मी संतापलो होतो. बाई मात्र सेक्रेटरींसाठी रोज प्रार्थना करायच्या, आणि ती मला वर माझ्या खोलीत ऐकू यायची, "देवा, त्याचं भलं कर. घाई न्हाई."

मला घाई होती. मी तेव्हा कंपनीत क्वालिटीला होतो, बाहेरून आलेला माल तपासायला. काही महिन्यांनी सेक्रेटरींचा माल माझ्या टेबलावर आला. ब्रॅकेटच्या भोकाचं माप किंचित मोठं होतं. असा माल वरच्या साहेबांची सही घेऊन चालवून घेता येतो. सही मागायची की नाही, हे माझ्या हातात होतं. मी मागितली नाही. सगळ्या पेट्यांना नापास मालाचे लाल टॅग लावले, एकेक, सावकाश.

सेक्रेटरी धावत आले. "अरे भावा, आपण एकाच चर्चचे."

"हो साहेब," मी म्हणालो. "पण भोक मोठं आहे."

त्यांचा चेहरा मी नीट बघून घेतला. त्या दिवशी डब्यातली शिळी पोळीही गोड लागली, आणि आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही.

घरी येऊन बाईंना सगळं सांगितलं. त्या शेंगा निवडत होत्या.

"माल खराब हुता का?"

"होता."

"मग धाडलास माघारी ते बरोबर केलंस. मला कशाला सांगाया आलास?" थोडा वेळ शेंगा निवडून म्हणाल्या, "माझ्या नावानं धाडला असशील तर तूच खणलास की रं फाटा."

मी वर गेलो.

त्यानंतर बाई नेवाशाला भावाकडे निघून गेल्या. खालच्या खोलीत आता दुसरं कुटुंब आहे. बाईंना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र पाठवतो. हे मागच्या महिन्यातलं :

बाईंना सलाम.

पडद्यावरची शाळा बंद पडली. सूनबाईंना वेळ होत नाही. चऱ्होली फाट्याजवळ एक खोली मिळाली आहे, तिथे मी रविवारी मुलांना बसवतो. ड्रायव्हरची मुलगी आता मोठी झाली, लहानांना तीच फाट्याचा धडा देते. पूर्ण देते.

या रविवारी दारात सेक्रेटरींची नात उभी होती. नाक अगदी आजोबांचं. मी तिला परत पाठवू शकलो असतो, आणि खरं सांगतो, क्षणभर मनात लाल टॅग आला. मग बोट अडकवलं. हिसका जरा जोरातच दिला, बाई.

सुटलं नाही.