आत्याचं मीठ

"सुमनआत्या गेली... हृदय थांबलं," बाबांनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "तिचा तांब्या भरलेला होता का?" बाबा म्हणाले, "अर्धा. गोळी घेऊन पाणी प्याली होती." मग मला रडू आलं.

नवरा वारल्यावर आत्या वैजापूरहून शहरात, आमच्या गारखेड्याच्या घरी आली. तिच्या मेंदूतल्या रसायनांचा तोल मधूनच ढळायचा. कधी आठ-आठ दिवस नुसतं उधाण, कधी महिनाभर भिंतीकडे तोंड. डॉक्टरांनी लिथियम दिलं आणि हे एक प्रकारचं मीठच असतं, असं समजावलं. आत्याला तेवढं पुरलं. जेवण झालं की गोळी तोंडात टाकून म्हणायची, "जागते बाई मिठाला!"

मी बाबांच्या संघटनेच्या पत्रकांवर अक्षरं गिरवत वाढलेली. एका वर्षी दुष्काळ पडला, तरी शहर चहूकडे फुगत होतं. नव्या इमारतींना रोज टँकर, आमच्या नळाला आठवड्यानं पाणी. मी पत्रक काढलं : 'गोळ्या नकोत, पाणी द्या!' दुःख डोक्यातल्या रसायनांत नसतं, व्यवस्थेत असतं, असं त्यात ठणकावलं होतं. आत्यानं ते दोनदा वाचलं. आणि गुपचूप गोळी बंद केली.

काही आठवड्यांनी तिनं हसत, गात सगळ्या साड्या गल्लीत वाटून टाकल्या. नंतर अंथरूण धरलं. डॉक्टरांनी मला समोर बसवलं. या गोळीबरोबर पाणी कमी पडलं तर औषध रक्तात साचतं, म्हणाले. "तुमच्या पत्रकाचा दुसरा अर्धा भाग बरोबर आहे."

ती सावरल्यावर मी माफी मागायला गेले.

"तुझं लिव्हलेलं लई खरं वाटतं गं पोरी," आत्या म्हणाली. "पण तुझी व्यवस्था बदलंस्तोवर मी भिंत बघत बसू व्हय? मला दोन्ही लागतं. गोळी बी अन् पाणी बी. तसं छाप."

छापलं. घोषणेला ठेका नव्हता. मोर्चात कुणी दिली नाही. व्यवस्थेवरचा माझा राग आजही तसूभर कमी नाही. पण त्या दिवसापासून घरात आत्याचा तांब्या वेगळा झाला. हंडे कोरडे पडले तरी त्याला कुणी हात लावायचा नाही.

आत्या गेल्यावर परवा, सहाव्या दिवशी, पहिल्यांदा नळ आला. आईनं आधी तो तांब्या भरला, फळीवर ठेवला... मग हंडे लावले. मला तहान लागली होती. मी हंड्यातलं प्यायले.