पियानोतली वीसची नोट

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच म्हणा, पण निदान सायलीसमोर तरी नको!

सायली आमच्या लालबागच्या चाळीतली, तिसऱ्या माळ्यावरची. व्हायोलिन वाजवते. मी तळमजल्यावरचा, नववीत शाळा सोडलेला, एसी दुरुस्त करणारा. तिच्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. एक दिवस तीच जिन्यात म्हणाली, "अरे बाळू, शनिवारी कुलाब्याला माझा प्रोग्राम आहे. पियानो, दोन व्हायोलिन, एक चेलो. आमच्या सरांची नवीन रचना. येशील?"

येशील काय विचारते! म्हटलं, यावेळी हिला खूश करायचंच.

आता आमच्याकडे प्रोग्राम म्हणजे काय? डबलबारीचं भजन! समोरासमोर दोन बुवा. बुवाने झकास तान घेतली की माणूस उठतो, पेटीवर नोट ठेवतो. कुणीच उठलं नाही, तर समजायचं बुवा पडला.

तर हॉलमध्ये आधी सायलीने गज तारेवर घासला. घासतच राहिली. मग सगळेच थांबले. पियानोवाला उठला आणि उघड्या पियानोत हात घालून तारांमध्ये चक्क स्क्रू अडकवायला लागला!

मी शेजारच्या सिल्कच्या कुर्त्यातल्या काकांना विचारलं, "बिघडला काय हो?"

"श्श! रचना चालू आहे."

"मग वाजवत का नाहीत?"

"वाजतेय ना. शांतता वाजतेय."

मला एसीतही घाम फुटला. कुणाची वाहवा नाही, कुणाची मान हलत नाही, सगळे दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे! सायलीचा चेहरा एवढासा. पडला की हो प्रोग्राम! आणि चाळीतला माणूस म्हणून मी काय नुसता बघत बसू?

उठलो. तडक स्टेजवर. खिशातून वीसची नोट काढली, कपाळाला लावली. पण ठेवायची कुठे? पियानोवाला सगळं आतच ठेवत होता, मीही तारांवर ठेवली. आणि कुठून हिंमत आली कोण जाणे, ओरडलो, "सायलीला, लालबागकडून!"

तेवढ्यात त्याने पट्टी दाबली.

फर्र्र्र्र!

ब्लोअरमध्ये कागद अडकावा तशी नोट फडफडली. सायलीने डोळे मोठे केले, मग घट्ट मिटले आणि वाजवत सुटली. मी खाली मान घालून खुर्चीत.

शेवटी टाळ्यांचा कडकडाट! काका उभे राहून म्हणाले, "काय धाडस! बाजार कलेत कसा घुसतो, त्यावर केवढं भाष्य!" सरही असे वाकून नमस्कार करत होते, जणू नोट त्यांनीच लिहून ठेवली होती.

मी बाहेर खांबामागे लपलो. सायलीने शोधून काढलंच.

"सॉरी गं, मला वाटलं..."

"ते राहू दे. पुढच्या प्रत्येक प्रोग्रामला तू पाहिजेस, असं सर म्हणतायत."

"खरंच? मग मी जोरदार प्रॅक्टिस करतो!"

"नको, नको!" ती घाईघाईने म्हणाली. "तेवढंच बजावलंय त्यांनी. काही कळत नसल्याचा असा चेहरा प्रॅक्टिस करून येत नाही, म्हणे!"