कुडाआडची द्रौपदी

लवूमामा रोज दोनदा दाढी करायचा. एकदा सकाळी आणि एकदा उन्हं कलल्यावर. दुसरी आटोपली की ओला गाल पुढे करून बायकोला विचारायचा, "खुपता काय गो?" रुक्मिणीमामी हातातलं काम न सोडता उलटा हात त्याच्या गालावरून फिरवायची आणि "नाय" म्हणायची. महिन्यातले चार दिवस मात्र तो आमच्या दोन घरांमधल्या गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, येऊन मला हाक मारायचा. मी तेव्हा शाळेत होते. गाल तपासायला मला बोलावलं की समजायचं, मामीला कावळा शिवलाय.

आचरा तिठ्यावर त्याचं शिलाईचं दुकान होतं. दिवाळी सरली, गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या, की दुकानाला कुलूप लागायचं आणि लवूमामा दशावतारी कंपनीबरोबर निघायचा. कंपनीत त्याला स्त्रीपार्ट होता. तारामती, सीता, आणि सगळ्यांत गाजलेली द्रौपदी. आमच्याकडे या नाटकांत बोलणं लिहिलेलं नसतं. कथा सगळ्यांना ठाऊक असते, बोलायचं ज्याचं त्याने तिथल्या तिथे. लवूमामाची द्रौपदी रडायला लागली की देवळापुढच्या मांडवात बायका पदराने डोळे पुसायच्या. मामी त्या बायकांत क्वचितच असायची. आमच्या जत्रेची तिथी आणि तिची तिथी हटकून जुळायची, निदान ती तसं सांगायची.

त्र्याऐंशीच्या दिवाळीत मी कोल्हापूरहून सुट्टीला आले होते. एम.ए.चं पहिलं वर्ष. पाठ्यपुस्तकात सभापर्व होतं. मामाने गडग्यापलीकडून विचारलं, "काय वाचतंस गो येवढा?" मी सांगितलं, द्रौपदीचं. आणि सहज म्हणाले, मामा, तिला सभेत ओढून आणलं तेव्हा ती रजस्वला होती, अंगावर एकच वस्त्र होतं.

"म्हंजे?"

महिन्याला मामी बाजूला बसते ना, तसं, असं काहीसं मी म्हणाले. त्याने हातातली चिलीम गडग्यावर ठेवली.

"भायर होती?"

"होय."

"आणि मी वीस वर्सां जरीचो शालू नेसान जातंय!"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागल्या अंगणातून मामीचा आवाज चढलेला ऐकू आला. मागल्या पडवीत एका कुडाआड तिची त्या दिवसांची जागा होती. मामा त्या जागेसमोर उभा होता.

"सोळा वर्सां झाली लग्नाक, आणि आता इचारतंस?"

"दाखय मां. कशी बसतंस ती."

"ह्या काय नाटक आसा?"

"नाटकच आसा गो. म्हणान तर इचारतंय."

मामी हसली की चिडली ते मला तिथून कळलं नाही. पण ती बसली. "पाय पोटाकडे घेवचे. भितीक टेकूचा नाय. मान वर करूची नाय, कोण इलो तर तेचे पाय बगूचे."

"आणि हात?"

मामीने हात उचलून समोर धरले. स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हातांक कायच काम नसता. ते खंय ठेवचे, ता माका आजून कळूक नाय."

मामा आठ दिवस तसा बसायची तालीम करत होता. जत्रेच्या संध्याकाळी मामीने खुंटीवरचं एक विटकं सुती लुगडं घडी करून त्याच्या पिशवीत घातलं. ते तिचं त्या चार दिवसांचं लुगडं होतं. "धुतलेला आसा," एवढंच म्हणाली. हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. बरोबर की चूक, असं मला कुणी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते?

नाटकात दुःशासन द्रौपदीला आणायला गेला, तेव्हा ती नेहमीसारखी उभी नव्हती. रंगमंचावरच्या एकुलत्या बाकड्याच्या कडेला खाली, पाय पोटाशी घेऊन बसली होती. दुःशासनाचं काम महादूकडे असायचं. गडी ताडमाड, आवाज असा की पोरं आईच्या मागे लपत. "ऊठ!" तो गरजला. मान खाली ठेवूनच द्रौपदी म्हणाली, "दुःशासना, मी रजस्वला आहे. मला स्पर्श करू नकोस."

रजस्वला हा शब्द कुणाला कळला नाही. महादूलाही नाही. त्याने हात पुढे केला. तेव्हा लवूमामाने नाटकी मराठी सोडली. महादूच्या पायांकडे बघत तो हळूच, पण शेवटच्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी भायर आसंय रे. तिसरो दिवस."

आणि महादू मागे सरला.

दुःशासनाने मागे सरायचं नसतं. पुढे निऱ्या ओढायच्या असतात, कृष्णाने वस्त्रं पुरवायची असतात. पण महादूचा हात वरच राहिला. पेटी वाजवणारे कंपनीचे नाईक, परशुराम, दबक्या आवाजात खेकसले, "अरे ओढ!" महादूने मान हलवली. मांडवात कुणी हसलं, कुणी शू केलं, म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी गोंधळलेला कृष्ण वेळेआधीच आत आला, आणि वस्त्र कुणी फेडलंच नाही तर द्यायचं काय हे न सुचून त्याने हातातला शालू तिच्यापासून चार हातांवर, बाकड्यावर ठेवला. त्यानेही तिला स्पर्श केला नाही. परशुरामांनी भैरवी धरली. नाटक संपलं.

मी पुष्कळ दिवस विचार करते आहे. मामाला लोकांना काय दाखवायचं होतं? बाईला त्या अवस्थेत ओढून नेलं, हे ना? पण तिला कुणी ओढलंच नाही. ज्या विटाळाने मामीला कुडाआड बसवलं, त्यानेच त्या रात्री द्रौपदीला वाचवलं. मग नाटक फसलं, की भलतंच काही साधलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात बैठक भरली. मी आणि आणखी चारपाच बायका बाहेर पायऱ्यांशी होतो. गावचे मानकरी अप्पा खांबाला टेकून बसले होते. प्रश्न एकच होता, देवीपुढे विटाळशी बसली असं धरून देवळाची शुद्धी करायची की नाही.

"लवू बापयो आसा," एकजण म्हणाला. "बापयाक खंयचो इटाळ?"

"मग महादू मागे कित्याक सरलो?" अप्पांनी विचारलं.

महादू कोपऱ्यात उकिडवा बसला होता. "लवूच आसा, ता माका म्हायत होता अप्पा. आवशीची शप्पथ. पण हात पुढे गेलोच नाय."

"इतको मोठो दुःशासन," कुणीतरी म्हणालं, "घरी बायलेक घाबारता तो!" देवळात हशा पिकला. अप्पा हसले नाहीत. कौल लावायचं ठरलं. गुरवाने देवीच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर दोष नाही, डावी पडली तर दोष. अप्पांनी गाऱ्हाणं सुरू केलं, "आई, लवूच्या हातसून काय दोष घडलो आसात तर..."

"लवूच्या की द्रौपदीच्या?" महादूने मध्येच विचारलं.

"गप रे मेल्या!"

दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या, एक इकडे, एक तिकडे. सगळे देवीकडे आणि मग अप्पांकडे बघू लागले. अप्पांनी कपाळ चोळलं. माणूस वाईट नव्हते ते. वाट काढावी म्हणून म्हणाले, "लवू, नाटकच मां ता? देवीपुढे हात जोड, चुकला म्हण, सुट. परशुराम पुढल्या गावच्या आज रात्रीच्या जत्रेक थांबलो आसा तुझ्यासाठी."

परशुरामांनी मान हलवली. कंपनीच्या कपड्यांचा पेटारा बांधून तयार होता. चुकलं म्हटलं की द्रौपदी त्याची, नाही म्हटलं की दुसऱ्याची, हे सगळ्यांना समजत होतं.

लवूमामा उभा राहिला. हात जोडले. तोंड उघडलं. मग त्याची नजर बाहेर पायऱ्यांकडे गेली. तिथे मामी उभी होती. मला त्या विटक्या लुगड्याची आठवण झाली. चुकलं म्हणायचं तर काय काय चुकलं म्हणायचं?

"माका कळणा नाय अप्पा," तो म्हणाला. "चुकला काय, ता माका खराच कळणा नाय."

"मग?"

"दोष आसा तर बायलमाणसांक जा लागता ता माकाय लावा. तीन दिवस बाजूक बसतंय."

"अरे, तू बापयो!"

"मग दोष कसलो?"

अप्पांनी पडलेल्या दोन्ही पाकळ्यांकडे पाहिलं. मग हात झटकून म्हणाले, "बस जा! आमचो डोस्क्याचो भुगो करू नको."

आणि तो खरंच बसला. मागल्या पडवीत, मामीच्या जागी. कंपनी त्याला सोडून गेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला की नव्या माणसाने द्रौपदी बरी केली. पुढे कंपनीत त्याला कैकेयी मिळाली, सुभद्रा मिळाली. द्रौपदी नाही मिळाली. गावातले लोक काहीतरी निमित्त काढून मागल्या अंगणातून जात आणि त्याला बघून जात. बायका हसत, पण लगेच हलत नसत. मामी त्याचं जेवण लांबून वाढायची, थेट शास्त्राप्रमाणे. ते थट्टेने की रागाने, मी ओळखू शकले नाही. तो भिंतीला न टेकता बसायचा. हात मात्र कधी गुडघ्यावर, कधी काखेत, कधी जमिनीवर.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे विळी परत द्यायला गेले होते. मामी चहाचा कप घेऊन कुडाआड गेली. खाली ठेवला नाही. त्याच्यासमोर बसली आणि कप त्याच्या हातात द्यायला पुढे केला.

मामाने झटकन हात मागे घेतला.

अगदी महादूसारखा. विचार न करता. दोघंही कपाकडे बघत राहिली. मामीच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. हसू नव्हतं. ती हात तसाच धरून बसली. चहा थोडा बशीत सांडला. माझ्या हातातली विळी कुठे ठेवावी ते मला सुचेना.

मग मामाने हात पुढे केला. कप घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर पडली, आणि त्याने ती काढली नाहीत. एक घोट घेतला.

"साखर कमी पडली गो," तो म्हणाला.