मागचं दाखवणारी भिंत

अशा गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. शूटिंगमध्ये माझं काम कंटिन्युइटीचं... मागच्या शॉटमध्ये पेला कुठे होता, हिरोची बाही किती वर होती, हे टिपून ठेवायचं. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नसेल तर हे काम जमत नाही. म्हणूनच लिहितेय.

गोरेगाव पूर्वेच्या एका स्टुडिओत सेट लागला होता. रोमच्या डोमिशियन सम्राटाचा राजवाडा.

"याला सारखी धास्ती, कोणीतरी मागून येऊन मारणार," आर्ट डायरेक्टर मिलिंद सांगत होता. "म्हणून भिंतींना आरशासारखा चकचकीत दगड लावला. मागचं दिसावं म्हणून."

"मग वाचला का रे?"

"कुठे ताई! स्वतःच्याच बेडरूममध्ये खून झाला."

लंच ब्रेकला सगळे जेवायला गेले. सेटचे फोटो काढायचे राहिले होते, म्हणून मी एकटीच आत शिरले. प्लायवूडचं दार करकरलं आणि आतून आवाज आला — "कोण?"

मराठीत. हो, मराठीतच.

शेवटच्या वर्षी माझ्या नवऱ्याची नजर गेली होती. जोगेश्वरीच्या घरी मी लॅच उघडलं की तो दचकून असंच विचारायचा. तो गेल्यापासून मी दार उघडते, आत जाते. कोणी विचारत नाही.

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मीच रे. अजून कोण येणार?"

तेव्हा समोरच्या चकचकीत भिंतीत तो दिसला. माझा नवरा नव्हे. पांढऱ्या झग्यातला, टक्कल पडलेला अनोळखी माणूस, भिंतीतून माझ्याकडे बघत होता. घाबरलेला. माझं बोलणं ऐकून त्याचे आखडलेले खांदे हळूहळू खाली आले...

मी वळले. कोणी नाही. परत भिंतीकडे पाहिलं, तर फक्त मी.

बाहेर येऊन मिलिंदला विचारलं, "आत कोण टकला होता रे?"

"कोणी नाही. हिरो व्हॅनमध्ये जेवतोय, आणि त्याला तर दाट विग दिलाय. उपाशी राहिलं की सम्राट दिसतात, ताई!" हसता हसता तो थांबला. "खरा डोमिशियन मात्र टकला होता. हिरो ऐकेना, म्हणून विग. तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी लंचला मी मुद्दाम गेले. दार दोनदा करकरवलं, वाट पाहिली. काही नाही. हे काय होतं, ते आजही मला सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी घरी आले, लॅच उघडलं. आत शांत. तरी चपला काढता काढता मी म्हटलंच, "मीच रे."