सुमनअक्काच्या बातम्या

सुमनअक्का पेपर नेहमी कालचा वाचायची. आमच्या डाळ मिलच्या ऑफिसात पेपर रोज सकाळी यायचा, पण तो आधी शेठ वाचायचे, मग मुनीमजी, मग येणारे-जाणारे व्यापारी. दुसऱ्या दिवशी तो चहाचे डाग घेऊन आम्हा डाळ निवडणाऱ्या बायांकडे पोचायचा. कोणी चिडवलं की अक्का म्हणायची, "ताजी बातमी तव्यावरच्या भाकरीसारखी, हाताला चटका देते. कालची कशी, निवलेली असते. अन काल जे होणार म्हणून छापलं, ते झालं नाही हे आपल्याला आज माहीत असतं."

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ही मिल आहे. आता बहुतेक डाळ मशीनच निवडतं, पण पहिल्या दर्जाचा माल शेवटी हातावर घेतात. त्या कामाला आम्ही बारा जणी होतो. बारदानावर ओळीनं बसायचं, पुढ्यात ताट, आणि खडा, माती, डागी डाळ वेचायची. जेवायला अर्धा तास सुट्टी. अक्का दहा मिनिटांत जेवण उरकायची, हात धुऊन पदराला पुसायची, चष्मा लावायची आणि वीस मिनिटं मोठ्यानं पेपर वाचायची. ती मूळची धुळ्याकडची. बोलताना, विशेषतः हसताना किंवा रागावताना, अहिराणीवर यायची. पण पेपर वाचताना तिचं मराठी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध व्हायचं.

पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात असली की ती शुभेच्छुकांची नावं एकही न गाळता वाचायची, लग्नात आहेर पुकारतात तशी. वाचून झालं की पेपर मांडीवर ठेवून म्हणायची, "एवढे शुभेच्छुक आहेत गावात, अन गटार उपसायला एक माणूस मिळत नाही."

"अक्का, त्यात माझ्या दिराचं नाव आलं का पाहा," शेवंता विचारायची. शेवंता आमच्यातली सगळ्यात बोलकी. आणि दिराचं नाव खरोखर असायचं.

मी मिलमध्ये लागले तेव्हा माझी मुलं मोठी झाली होती आणि नवरा रिक्षा चालवत होता. मी चौथी शिकलेली, एरंडोल तालुक्यातल्या खेड्यातली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी दुसऱ्या कोणाच्या मागे जाऊन उभी राहते. पहिल्या दिवशी मी सगळ्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून जेवायला बसले. मागून अक्काचा आवाज आला, "काय वं माय, भितले भाकर खावाडी राहिनी का?" म्हणजे भिंतीला भाकर चारतेस का. सगळ्या हसल्या. मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात अक्का आपला डबा घेऊन माझ्याशेजारी भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "चल, मीबी हिला चारते. बिचारी रोज उपाशी उभी असते." मग मलाही हसू आलं. त्या दिवसापासून माझी जागा तिच्या डाव्या हाताला.

मला थोडं वाचता येतं हे तिला कळलं तेव्हा ती मला वाचनालयात घेऊन गेली. मी दारातच थांबले. तिथले लोक चष्मेवाले, गप्प. अक्का मोठ्यानं म्हणाली, "हिला जाड नको, मोठ्या अक्षराचं द्या. पण पोरासोरांचं नको, बाईमाणसाचं द्या." ते पुस्तक वाचायला मला सव्वा महिना लागला. परत करताना मी तिला म्हटलं, फार वेळ लागला. ती म्हणाली, "मग काय झालं? तुला कुठे परीक्षेला बसायचंय? त्यातल्या माणसांकडे तू सव्वा महिना राहून आलीस." त्यानंतर मी वाचत राहिले. स्वयंपाक झाल्यावर अर्धा तास, कुकर थंड होईपर्यंत.

राजकारणावर ती सगळं बोलायची, पण मत कोणाला दिलं हे कधी सांगायची नाही. "नवऱ्यालाही सांगितलं नाही. विचारून विचारून गेला बिचारा," असं म्हणायची आणि पेपरचं पान उलटायची. नवरा तिचा लवकर वारला होता. धुळ्याला एक लेक दिली होती, इकडे ती एकटी खोली करून राहायची.

मग एका दिवाळीनंतर बातम्या फार गोड व्हायला लागल्या.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. एका मंत्र्यानं भर सभेत सांगितलं, आमचं चुकलं, माफ करा. बाया इतक्या खूश झाल्या की शेवंतानं ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी मंत्री थोडे जास्त बोलले. दोन दिवसांनी पाचोऱ्याकडून सकाळच्या पाळीला येणाऱ्या बायांसाठी वेगळी एसटी सुरू होणार असल्याची बातमी आली. ती ऐकताना माझी नजर सहज पेपरावर गेली. अक्काच्या हातात जे पान होतं, त्यावर एक बातमी नव्हती. पानभर सोन्याच्या दुकानाची जाहिरात होती. गळाभर दागिने घातलेली एक मुलगी, आणि तिच्या कपाळावर अंगठा फिरवत अक्का एसटीचं वेळापत्रक वाचत होती.

मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. दोन्ही बुबुळांवर साय धरली होती.

मी माझा डबा बंद करून पिशवीत ठेवला. पण आता मला सगळं दिसायला लागलं. तिच्या ताटात खडे राहायचे. त्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याकडून माल परत आला, आणि मुकादम हिरालालभाऊ आमच्यासमोर उभे राहून म्हणाले, "यापुढे जिच्या ताटात खडा सापडेल, तिने दुसऱ्या दिवशी घरी बसायचं. वय पाहणार नाही, वर्षं पाहणार नाही." अक्काला साठ पूर्ण होऊन कामावरून निवृत्त व्हायला सव्वा वर्ष होतं. तिने ताटावर मान आणखी खाली घातली. माझं ताट झालं की मी हळूच तिच्या ताटात हात घालायला लागले. ती विचारायची, "काय शोधतेस?" मी म्हणायचे, "काही नाही, माझी डाळ तिकडे गेली." असे तीनेक महिने गेले. रोज संध्याकाळी मला वाटायचं, आजचा दिवस निभावला.

आणि मग अक्कानं ती बातमी वाचली. आमच्या मिलच्या रस्त्यावर, रिक्षा थांब्याजवळ, महिला कामगारांसाठी स्वच्छतागृह मंजूर.

त्या रस्त्यावर सात-आठ मिल्स आणि कारखाने आहेत, शेकडो बाया येतात, आणि आडोसा म्हणाल तर एक बाभूळ. घरून निघताना पाणी पिऊन निघायचं नाही, ही आमची सगळ्यांची सवय. बातमी ऐकून बाया उठून उभ्याच राहिल्या. शेवंता म्हणाली, "नगरसेवक भाऊंचा सत्कार करायचा. रविवारी जायचं, हार-नारळ घेऊन."

अक्काचा चेहरा उतरला. "अगं, बातमी कालची शे," ती म्हणाली.

"मग तर काल मंजूर झालं म्हणजे आज खड्डासुद्धा खणला असेल!"

"पेपरवाले काहीही छापतात वं."

"तूच तर वाचलं, अक्का!"

रविवारी आम्ही बारा जणी नगरसेवकांच्या कार्यालयात गेलो. महापालिकेची निवडणूक आज होणार, उद्या होणार असं चाललं होतं, त्यामुळे आत भरपूर माणसं होती. शेवंतानं हार घातला. नगरसेवक भाऊंनी हात जोडले, फोटो काढू दिला, आणि मग हळूच विचारलं, "ताई, हे कशाबद्दल?" शेवंतानं सांगितलं. त्यांनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं, त्यानं नाही म्हणून मान हलवली. "कोणत्या पेपरात आलं हे?"

अकरा माना अक्काकडे वळल्या. अक्का, जिचं तोंड मी कधी बंद पाहिलं नव्हतं, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तिची सायीची बुबुळं कुठेतरी भिंतीवर होती. मला समजलं, आता ती खरं सांगणार. आणि हे उद्या हिरालालभाऊंच्या कानावर जाणार.

मी बोलले. कशी बोलले ते मलाही ठाऊक नाही. "भाऊ," मी म्हटलं, "पेपरात काय आलं ते राहू द्या. तुम्ही सांगा, मंजूर आहे की नाही? नसेल तर हार परत द्या. आम्ही दुसरीकडे जातो."

कोणीतरी मागे हसलं. भाऊंनी हाराला हात लावला, बाहेर उभ्या माणसांकडे पाहिलं, बारा बायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंजूर... म्हणजे मंजूरच समजा. फक्त तुमच्याकडून एक अर्ज पाहिजे." टाळ्या पडल्या. अर्ज मीच लिहिला, तिथेच, त्यांच्या टेबलावर. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, पण रस्ता, थांबा आणि बाया किती, ते बरोबर लिहिलं.

येताना अक्का माझ्याबरोबर मागे राहिली. बरंच अंतर चालल्यावर म्हणाली, "तुले कधीपासून माहीत शे?"

"दिवाळीपासून."

"अन गप्प बसलीस?"

"तुमच्या बातम्या चांगल्या होत्या, अक्का."

ती रस्त्यात थांबून हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मग तिने सांगितलं. तिच्या आईचा एक डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गेला होता. "माले भ्याव वाटस, कमल. पेपर गेला तरी चालेल असं मनाला सांगून पाहिलं. पण त्या वीस मिनिटांसाठी तर मी कामाला येते." मी म्हटलं, "आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मी येते बरोबर." एकाच दिवशी दोनदा मी कोणाला तरी ठणकावून सांगितलं.

हिरालालभाऊंना तिने धुळ्याला लग्न आहे असं सांगून रजा घेतली. ऑपरेशनच्या दिवशी मी तिच्या लेकीबरोबर दवाखान्यात बाकावर बसून होते. अक्का आत जाताना डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, मला सुईत दोरा नाही ओवायचा. बारीक टाइप दिसला म्हणजे झालं."

ती नव्हती तोवर पेपर मी वाचला. पहिल्या दिवशी माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "मोठ्यानं!" बाया ओरडायच्या. मी जे छापलं होतं तेच वाचायचे. चार दिवस ऐकून शेवंता म्हणाली, "कमल, तुझा आवाज बरा आहे, पण बातम्या कडू आहेत. अक्का वाचायची तेव्हा देश किती छान चालला होता!"

महिन्याभरानं अक्का काळा चष्मा लावून आली. आधी तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तुझे केस एवढे पिकले कधी?" मग पेपर हातात घेतला, पण उघडला नाही.

"बायांनो," ती म्हणाली, "लग्न नव्हतं, डोळ्यांचं ऑपरेशन होतं. त्याच्या आधी तीन महिने मी तुम्हाला पेपर नाही, माझं डोकं वाचून दाखवलं. मला काहीच दिसत नव्हतं."

सगळ्या सरकून जवळ आल्या. मग शेवंतानं विचारलं, "मंत्र्यानं माफी मागितली ते?"

"ते मी."

"पाचोऱ्याची एसटी?"

"तीबी मी."

"अन संडास?"

"तो मीच मंजूर केला."

शेवंता अशी हसली की तिच्या पुढ्यातलं ताट उलटलं. "मग अक्का, पुढच्या वेळी तूच उभी राहा ना! कामं तर तूच करतेस!" मुकादम दारात येऊन काय झालं विचारायला लागले, आणि बारा जणींपैकी एकीनेही त्यांना सांगितलं नाही.

स्वच्छतागृह त्या पावसाळ्याआधी झालं. निळ्या पत्र्याचे दोन दरवाजे, आणि दरवाजांपेक्षा मोठा नगरसेवक भाऊंचा फोटो. अक्कानं आपलं सव्वा वर्ष पूर्ण केलं. त्यात तिच्या ताटात एकही खडा निघाला नाही, माझ्या ताटात मात्र दोनदा निघाला. दोन्ही वेळा मुकादमांनी पाहायच्या आधी तिनेच तो वेचून माझ्या हातावर ठेवला.

आता ती धुळ्याला लेकीकडे असते. मध्यंतरी फोन आला. तिकडच्या गल्लीतल्या बायांना ओट्यावर दुपारी पेपर वाचून दाखवते म्हणाली.

"खरं वाचता ना, अक्का?"

"बठ्ठं खरं. फक्त शेवटली एक बातमी मनी ऱ्हास." म्हणजे बाकी सगळं खरं, शेवटची एक तेवढी तिची स्वतःची.

"आज कोणती होती?"

तिने सांगितली. ती मी इथे लिहीत नाही. त्या बाया येत्या सोमवारी सगळ्या मिळून धुळ्याच्या महापालिकेत जाणार आहेत, आणि आधीच फुटायला नको.